तोंडी हिशेबाची गोडी आणि गतीचा बाजार

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात दुबई येथे महाराष्ट्रातील आर्यन शुक्ल या चौदा वर्षांच्या मुलाने मनातल्या मनात आकडेमोड करण्याचे सहा जागतिक विक्रम एकाच दिवसात नोंदविले. त्यांपैकी एका विक्रमात चार अंकी शंभर संख्यांची बेरीज त्याने ३०.९ सेकंदांत केली. म्हणजे एकेका संख्येच्या वाट्याला सेकंदाचा तिसरा हिस्साही आला नाही. ‘सात हजार चारशे अठ्ठावन्न’ एवढे नुसते उच्चारावयास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. अशा मुलाचे कौतुक करताना कोणी हात आखडता घेण्याचे कारण नाही. साधना कोणत्याही क्षेत्रातील असो, ती आदरालाच पात्र असते. तथापि अशी वार्ता प्रसिद्ध झाली की तिचे जे पडसाद घरोघरी उमटतात ते मात्र विचार करावयास लावणारे आहेत. शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर भरणाऱ्या ‘वेगवान गणिता’च्या वर्गात चिरंजीवांचे नाव घालावे की काय, हा प्रश्न पालकांना सतावू लागतो, आणि त्या वर्गाच्या फलकावर तर बुद्धिवर्धन, एकाग्रता, स्मरणशक्ती, आत्मविश्वास अशी सारी फळे एकाच झाडाला लागल्याचे रंगविलेले असते.

मनात हिशेब करण्याची सवय ही उत्तम सवय आहे. ती लहानांनी लावून घ्यावी, तशीच मोठ्यांनीही लावून घ्यावी, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. वाद आहे तो ती कशासाठी लावून घ्यावयाची याविषयी. गती हे या सवयीचे फळ आहे की प्रयोजन, या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे आनंदाची गोष्ट शिक्षेत रूपांतरित होते, आणि आपल्याकडे नेमके तेच होऊ लागले आहे.

बुद्धिवर्धनाच्या दाव्यापासूनच प्रारंभ करणे इष्ट. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतलादेवींनी तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत सांगितला, तेव्हा या बाईंचा मेंदूच काही निराळ्या घडणीचा असला पाहिजे, असा समज जगभर पसरला. पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांची रीतसर परीक्षा घेतली आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवा लागताच बटण दाबणे यांसारख्या साध्या क्रियांतून मेंदूची मूळ गती मोजणाऱ्या कसोट्या त्यांत होत्या. त्या कसोट्यांत शकुंतलादेवी चार सर्वसामान्य माणसांहून फारशा वेगळ्या ठरल्या नाहीत. त्यांचे असामान्यत्व संख्यांपुरते होते आणि ते लहानपणापासून चाललेल्या संख्यांच्या सहवासातून आलेले होते. गावातील प्रत्येक घर, प्रत्येक बोळ ज्याच्या पायाखालचा आहे त्याला स्टेशनाचा जवळचा रस्ता शोधावा लागत नाही, तशातलाच हा प्रकार.

दुसरा पुरावा अधिक नेमका आहे आणि तो आपल्या शेजारच्याच बडोदे शहरातला आहे. मणिचौकटीवरील मणी डोळ्यांपुढे कल्पून बेरजा-वजाबाक्या करण्याची जी जपानी पद्धत ‘अबॅकस’ या नावाने आपल्याकडे लोकप्रिय झाली, तिची तेथील एका शाळेत तीन वर्षे पद्धतशीर चाचणी घेण्यात आली. मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले. एका गटाला अबॅकसचे आणि दुसऱ्याला तितकाच वेळ नेहमीच्या गणिताचे जादा शिक्षण दिले. डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की अबॅकस शिकलेली मुले आकडेमोडीत दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. पण स्मरणशक्ती, अवधान इत्यादी सामान्य बौद्धिक शक्तींत वाढ झाल्याचे काही आढळले नाही. ज्या मुलांची चित्र डोळ्यांपुढे धरून ठेवण्याची शक्ती आरंभीच चांगली होती त्यांना लाभ अधिक झाला, एवढी एक पुस्ती त्याला जोडावी लागेल. थोडक्यात, हिशेब केल्याने हिशेब सुधारतो. पोहण्याने पोहणे सुधारते आणि गाण्याने गाणे, यात कोणाला उणेपणा वाटत नाही. मग हिशेबानेच सर्व व्याधींवरील मात्रा का व्हावे? २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेतील व्यापार आयोगाने मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या एका कंपनीकडून अवास्तव दाव्यांपोटी वीस लाख डॉलर वसूल केले. आपल्याकडील फलक रंगविणाऱ्यांच्या कानांवर ही वार्ता गेली असल्याचे दिसत नाही.

हे मान्य केले की दुसऱ्या टोकाचा आक्षेप पुढे येतो. बुद्धी वाढावयाची नाही आणि खिशातला मोबाइल तर निमिषार्धात सर्व काही सांगतो, तर हा खटाटोप हवाच कशाला? या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी मराठी घरांत हा खटाटोप पूर्वी कशासाठी होता, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ परवचा म्हणण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाढ्यांचा तो सामुदायिक घोष आठवत असेल. एक ते तीस हे पाढे तर होतेच. पण त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची एक फळीच्या फळी उभी असे. बाराची अडीचकी तीस आणि बाराची औटकी बेचाळीस, हे सात-आठ वर्षांच्या पोराला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे, असा दंडक होता. हा दंडक कोणा पंतोजींच्या लहरीतून निघालेला नव्हता. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस, अशा त्या जगात पाव, अर्धा आणि पाऊण यांच्यावाचून बाजारातून पाऊल पुढे पडत नसे. चाळीस शेरांचा मण जितक्या रुपयांना, तितक्याच आण्यांना अडीच शेर, हे त्या काळच्या व्यवहारातले एक गमक. मणाला अठरा रुपये भाव असेल तर अडीच शेर अठरा आण्यांना मिळणार. कारण चाळिसाचा सोळावा हिस्सा अडीच. वाण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या गृहिणीला हे ठाऊक असे आणि वाण्यालाही ते ठाऊक असे, म्हणून तराजू आणि हिशेब दोन्ही सरळ राहत.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पुढच्या वर्षापासून शेर-मणांची जागा किलोग्रॅम घेऊ लागला. औटकीचा आधारच त्या दिवशी निखळला. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. दशमान पद्धती निःसंशय सोयीची आहे आणि लाखो मुलांच्या पाठीवरील छड्या तिने वाचविल्या आहेत. जुन्या परवच्याच्या आठवणीने गहिवरणारी मंडळी त्या छड्या विसरतात. परवचा म्हणणाऱ्या मुलांपैकी सर्वांनाच त्या आकड्यांचा अर्थ उमगत होता असे नाही. कित्येकांना तो केवळ एक सूर होता. पण मापे गेली तेव्हा मापांबरोबर मनात हिशेब करण्याची प्रतिष्ठाही गेली, आणि ती जाण्याचे मात्र काही कारण नव्हते.

सुदैवाने मापे गेली तरी भाषा राहिली. मराठीत हिशेबाची एक मोठी शिदोरी शब्दांतच बांधून ठेवलेली आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘पावणेदोनशे’ हा शब्द घ्या. १७५ हा आकडा लिहून दाखविला तर त्याला आठाने गुणताना कागद लागतो. पण पावणेदोनशे म्हटले की आठ वेळा दोनशे म्हणजे सोळाशे, त्यांतून आठ वेळा पाव शेकडा म्हणजे दोनशे वजा, उत्तर चौदाशे, हे बोलता बोलता होऊन जाते. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, साडेसातशे हे सारे शब्द म्हणजे अर्धी केलेली गणितेच आहेत. ‘एकोणसाठ’ हा शब्द तर स्वतःच वजाबाकी करून दाखवितो : साठाला एक उणा. मग एकोणसाठ सक किती, हे पाठ असण्याची गरज उरत नाही. साठ सक तीनशे साठ, त्यांतून एक सहा गेला, तीनशे चौपन्न.

याच भाषेत एक अडसरही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतात आणि चाळीस मागाहून. लिहिताना मात्र चार आधी आणि सात मागाहून. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी दशकाला अग्रक्रम देणारी वाचनरीत सुचविण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! विधानसभेतसुद्धा तिची थट्टा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी, जोडाक्षरांनी अडलेल्या आणि दशक-एककांच्या उलटापालटीने गोंधळलेल्या मुलांसाठी ही सोय आहे, जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, असे वारंवार सांगितले. पण हसणाऱ्यांना ऐकण्याची सवड नव्हती. वस्तुतः दक्षिणेतील भाषा दशकच आधी उच्चारतात आणि तोंडी हिशेबाला ती रीत अधिक अनुकूल आहे. ‘एकोणसाठ’चा गुण आणि ‘पन्नास नऊ’ची सोय या दोहोंचा लाभ मुलाला मिळाला असता, तर त्यात मराठीची कोणती हानी होती, हे थट्टा करणाऱ्यांनी कधी सांगितले नाही.

दशक आधी असणे अनुकूल का, हे समजण्यासाठी शाळेतील लेखी रीत आणि मनातली रीत यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. कागदावर गुणाकार उजवीकडून डावीकडे चालतो, एककापासून. हातचे धरावे लागतात आणि सर्वांत महत्त्वाचा अंक सर्वांत शेवटी हाती येतो. हीच रीत मनात चालवू गेल्यास डोक्यात चार ठिकाणी चार आकडे लोंबकळत राहतात आणि त्यांतला एक तरी गळून पडतो. ज्यांना ‘आपल्याला मनात हिशेब जमत नाही’ असे वाटते, त्यांच्यापैकी पुष्कळांचा दोष एवढाच असतो, की ते कागदाची रीत डोळे मिटून करावयास जातात.

इंग्लंडमधील जॉर्ज बिडर (१८०६-१८७८) याने हे मर्म फार पूर्वी उलगडून सांगितले. गवंड्याचा हा मुलगा बालपणी ‘गणिती बालक’ म्हणून जत्रांतून दाखविला जाई आणि बाप त्यावर पैसे मिळवी. सुदैवाने काही सुज्ञ माणसांनी त्याला एडिंबरोला शिकावयास ठेवले आणि तो पुढे लोहमार्ग बांधणारा नामांकित अभियंता झाला. १८५६ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मनातल्या हिशेबावर व्याख्यान देताना त्याने जादूचा सारा बुरखा स्वतःच दूर केला. अंक लिहावयास शिकण्यापूर्वी तो गोट्यांसारख्या वस्तू ओळींत मांडून संख्या शिकला होता; त्यामुळे संख्या म्हणजे त्याच्या लेखी पाटीवरची खूण नव्हती, प्रत्यक्ष राशी होती. आणि गुणाकार तो डावीकडून करी. सत्तेचाळीस गुणिले छत्तीस करावयाचे तर आधी चाळीस छत्तीस, चौदाशे चाळीस. मग सात छत्तीस, दोनशे बावन्न. दोन्ही मिळून सोळाशे ब्याण्णव. प्रत्येक पायरीला मागचे विसरून एकच आकडा जवळ ठेवावयाचा. मध्येच कोणी थांबविले तरी उत्तराचा मोठा भाग हाती आलेला असतो. ही कला शिकविता येण्याजोगी आहे, असे बिडरचे मत होते. जत्रेतून सुटका झालेल्या माणसाचे हे मत जत्रा भरविणाऱ्यांनी जरूर वाचावे.

याच गुणाकाराला दुसरी वाटही आहे. पन्नास छत्तीस अठराशे, त्यांतून तीन छत्तीस एकशे आठ गेले, पुन्हा सोळाशे ब्याण्णव. कोणती वाट धरावी हे संख्या पाहून ठरवावयाचे, आणि छंदाची गोडी या ठरविण्यातच आहे. ही वाट नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीत १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे आणि त्याच्या अनेक रीती दिलेल्या आहेत : बाराचे आठ आणि चार असे तुकडे करावेत, तीन आणि चार या अवयवांनी पाठोपाठ गुणावे, अथवा बारांत आठ मिळवून विसाने गुणावे आणि मग आठपट वजा करावी. सत्तावीसशेतून एक हजार ऐंशी गेले, सोळाशे वीस उरले. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, त्या आचार्यांनी एका गुणाकाराला एकाहून अधिक रीती का दिल्या असाव्यात? उत्तर काढणे एवढाच हेतू असता तर एकच रीत पुरली असती.

असे असता ‘वैदिक गणित’ या नावाने चालणाऱ्या व्यापाराची मौज वाटते. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारतीकृष्णतीर्थ (१८८४-१९६०) यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. ९७ आणि ९६ यांचा गुणाकार करताना शंभराहून त्या तीन आणि चार यांनी उण्या आहेत हे पाहून ९३ आणि १२, अर्थात ९३१२, असे उत्तर मांडण्याची त्यांतील रीत सुरेख आहे आणि ती मुलांना अवश्य शिकवावी. पण त्यांतील सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत आढळत नाहीत, हे त्या ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीच नमूद केलेले आहे. आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी या साऱ्या दाव्याची सविस्तर चिकित्सा केली आहे. रीत उपयुक्त असेल तर तिला वेदांचा दाखला नको आणि निरुपयोगी असेल तर वेदांच्या नावाने ती उपयुक्त होत नाही. शिवाय सूत्र पाठ करून उत्तर झटकन काढणारे मूल, ते उत्तर बरोबर का, या प्रश्नाला निरुत्तर होत असेल, तर जुन्या परवच्यातील सुराहून त्यात अधिक काय झाले?

गतीचा ध्यास न धरता संख्यांत रमणे म्हणजे काय, याचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावयास नको. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. पदवीच्या पुढे औपचारिक शिक्षण नाही, संशोधनसंस्थेचा आधार नाही. पण आकड्यांचे वेड असे, की डोंबिवली स्थानकाच्या नावावरून त्यांनी एका संख्याकुलाचे नाव ‘डेम्लो’ ठेवले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सर्व अंक सारखे तेवढे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ पासून निघाले तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आणि येथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक वाट याच एका संख्येला येऊन मिळते. मातब्बर गणितज्ञांनी या शोधांकडे बालिश खेळ म्हणून पाहिले. पण १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. कापरेकरांनी कोणाशी शर्यत लावल्याचे ऐकिवात नाही. पंचेचाळिसाचा वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पुन्हा पंचेचाळीस, हे ध्यानात यावयाला वेग लागत नाही. रेंगाळण्याची तयारी लागते.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ब्राझीलमधील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. मणिचौकट चालविणाऱ्या एका जपानी विक्रेत्याने बेरजेत आणि गुणाकारात त्यांना मागे टाकले. शेवटी १७२९.०३ चे घनमूळ काढण्याची पैज लागली. बाराचा घन १७२८, हे फाइनमनना ठाऊक होते, कारण घनफुटात तेवढे घन इंच असतात. तेव्हा उत्तर बाराहून किंचित अधिक, ते किंचित किती एवढाच प्रश्न उरला, आणि विक्रेता घाम गाळीत बारापर्यंत पोचला तोवर फाइनमनजवळ १२.००२ तयार होते. विक्रेत्याला मणी ठाऊक होते, संख्या ठाऊक नव्हती.

छंद म्हणून हे सर्व करावयास साधने काहीच लागत नाहीत. लोकलच्या गर्दीत वर्तमानपत्र उघडता येत नाही, पण १७२९ चे अवयव पाडता येतात. प्रत्येक वर्षी ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखा एकाच वारी येतात, एवढे ध्यानात ठेवले तर वर्षातील कोणत्याही दिवसाचा वार बोटांवर सांगता येतो. २०२५ मध्ये तो वार शुक्रवार होता. १९४७ मध्येही शुक्रवारच, आणि म्हणून त्या वर्षीचा १५ ऑगस्टही शुक्रवार. निवृत्त गृहस्थांना, शिवणयंत्रावर बसलेल्या भगिनींना, रखवालदारीच्या रात्री जागविणाऱ्यांना असा विरंगुळा फुकट उपलब्ध आहे. त्याने स्मृतिभ्रंश टळतो असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. विरंगुळा म्हणून तो पुरेसा आहे.

पण प्रश्न केवळ विरंगुळ्याचा नाही. फ्लॅट रेटने बारा टक्के, असे सांगून लाख रुपये वर्षभरासाठी कर्जाऊ दिले जातात आणि दरमहा ९,३३३ रुपयांचा हप्ता ठरतो. कर्जदाराला वाटते व्याज बारा टक्केच. परंतु पूर्ण लाख रुपये त्याच्याजवळ फक्त पहिला महिनाभर असतात. पुढे दर हप्त्याला मुद्दल घटत जाते आणि वर्षाची सरासरी काढली तर साधारण निम्मीच रक्कम त्याच्या वापरात असते. निम्म्या रकमेवर पुरे बारा हजार व्याज, म्हणजे दर जवळजवळ दुप्पट. काटेकोर हिशेब साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. याला कोणते यंत्र लागत नाही. ‘निम्मी रक्कम’ एवढे मनात यावे लागते. मोबाइल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न विचारला पाहिजे हे तो सांगत नाही. तसेच बहात्तराला व्याजाच्या दराने भागले की दामदुप्पट होण्याची वर्षे अदमासे मिळतात. तीन वर्षांत दामदुप्पट देऊ म्हणणारा निदान चोवीस टक्के देऊ म्हणत असतो, आणि चोवीस टक्के सचोटीने कोण मिळवितो, हा पुढचा प्रश्न मग आपोआप सुचतो. ठेवी बुडाल्यावर मोर्चे काढण्यापेक्षा हा भागाकार स्वस्त पडतो. राज्यासाठी बारा हजार कोटींची योजना जाहीर झाल्याची वार्ता वाचून भारावून जाण्यापूर्वी, बारा कोटींवर लोकसंख्येला माणशी हजार रुपयेही पडत नाहीत, हे नागरिकाच्या मनात चमकून जावयास हवे.

आणि येथेच शर्यतीच्या बाजाराचे खरे वैगुण्य दिसते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील शंभरांपैकी जेमतेम एकतीस मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते. दुसरीकडे २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेंवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाव आणि वजन यांचे गुंतागुंतीचे हिशेब ही मुले गिऱ्हाइकापुढे तोंडी आणि अचूक करतात. तोच हिशेब शालेय गणिताच्या वेषात समोर आला की अडखळतात. उलट शाळेत नेमाने जाणारी मुले पुस्तकातले गणित सोडवितात आणि बाजारात गोंधळतात. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांविषयी असेच आढळले होते : बाजारात ९८ टक्के उत्तरे बरोबर, तीच गणिते कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. अशा एका मुलाला दहा नारळांचे पैसे विचारले असता त्याने शाळेप्रमाणे शून्य न जोडता तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे दोनशे दहा, असे करीत साडेतीनशेचे उत्तर गाठले होते. रीत लांबची खरी, पण त्याची स्वतःची.

ज्याला तोंडी हिशेब येतो त्याला शाळा ‘ढ’ म्हणते आणि ज्याला शाळेचे गणित येते त्याला पुन्हा शिकवणी लावून गतीसाठी पळविले जाते, असा हा उफराटा व्यवहार आहे. काही मुलांना शर्यतीचीच आवड असते, त्यांनी ती खुशाल लावावी. कुस्तीचा आखाडा असतो तसा आकड्यांचाही असावा. वीसपर्यंतचे पाढे मुखोद्गत असण्यालाही पर्याय नाही, भांडवलावाचून व्यापार होत नाही. परंतु आखाड्यात न उतरणाऱ्या नव्वदांनी व्यायामच करू नये, अशी समजूत करून देणे हा अन्याय होय. मिनिटाला किती उत्तरे, या मापाने मोजलेली मुले लवकरच दोन गोष्टी शिकतात : चुकण्याची भीती आणि गणिताचा कंटाळा.

गणिताच्या तासाची पहिली दहा मिनिटे यासाठी काढणे कोणत्याही शाळेला अशक्य नाही. शिक्षकाने फळ्यावर अठ्ठेचाळीस गुणिले पंचवीस एवढेच लिहावे आणि उत्तर न विचारता, कसे काढले ते विचारावे. कोणी सांगेल, पन्नास पंचवीस साडेबाराशे, त्यांतून दोन पंचवीस गेले. कोणी लेखी रीत मनात चालवील आणि मध्येच हरवेल. आजीकडून पावकी ऐकलेले एखादे मूल म्हणेल, अठ्ठेचाळिसाचा पाव बारा, म्हणून बाराशे. आणि बापाच्या भाजीच्या गाडीवर संध्याकाळी उभा राहणारा मुलगा, ज्याला वर्गात सहसा कोणी विचारीत नाही, तो कदाचित सांगेल, की चार पंचविसांचे शंभर, असे बारा वेळा. त्या दहा मिनिटांपुरती भिंतीवरच्या घड्याळाकडे वर्गाची पाठ असली तरी बिघडणार नाही.